सातवी-आठवीच्या मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत कोणती ऐतिहासिक कादंबरी वाचायला द्यावी?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला इतिहास शिकवते. एक मेला निकाल लागला की शाळा थेट जूनच्या मध्यावर उघडते, त्या दीड महिन्यात मुलांनी एक तरी ऐतिहासिक कादंबरी वाचावी असं मला फार वाटतं. कारण पुस्तकात धडा असतो चार पानांचा, त्यात सन आणि तह आणि कोणी कोणाचा पराभव केला एवढंच मावतं. ती माणसं जेवत काय होती, घाबरत होती का, घरी कोण वाट बघत होतं, हे मुलांना कुठून कळणार.

मागच्या वर्षी मी 'एक ऐतिहासिक कादंबरी वाचा आणि सारांश लिहा' असा सुट्टीचा अभ्यास दिला होता. जूनमध्ये ४१ वह्या आल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त वह्यांत मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला, काहींनी तर एकमेकांचं बघून, म्हणजे चूकसुद्धा तीच. मी रागावले नाही कारण चूक माझीच होती, सारांश लिहा म्हटलं की मुलं तेच करणार.

पण एका मुलाने खरंच वाचलं होतं. सहावी संपवून सातवीत आलेला, आजोबांच्या कपाटातली 'स्वामी', म्हणजे माधवराव पेशवे आणि त्यांची बायको रमाबाई यांच्यावरची कादंबरी, अख्खी वाचून काढली होती त्याने. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, रमाबाई थेऊरला सती गेली तेव्हा तिला कुणी अडवलं का नाही?" मी काहीतरी 'त्या काळी तशी प्रथा होती' वगैरे बोलले, तो मान हलवून गेला पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं आणि माझंही. वर्षभर तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

तर विचारायचं हे की
कोणती पुस्तकं द्यावीत, जी बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पेलतील. वाचल्यावर सारांशाऐवजी काय करून घ्यावं. आणि एक नाजूक गोष्ट, वर्गात सगळ्या धर्मांची मुलं आहेत, माझ्या पुढच्या बाकावर एक मुस्लिम मुलगा बसतो, हुशार आहे, इतिहास त्याला मनापासून आवडतो. त्याने पुस्तक उघडलं आणि त्यात आपल्यासारख्या नावाची सगळी माणसं दुष्टच निघाली असं व्हायला नको.

शाळेच्या वाचनालयाचं एक कपाट आहे, त्यात जाड जाड पुस्तकं आहेत, बऱ्याच जणांची बाइंडिंग सुटलेली. बऱ्याच मुलांच्या घरी क्रमिक पुस्तकं सोडून दुसरं पुस्तक नाही.

कोयनाकाठ

बाई, मी तीस वर्षं सार्वजनिक वाचनालयात काढली आहेत, बालविभाग माझ्याकडेच होता, त्यामुळे अनुभवावरून सांगतो. पहिली गोष्ट जाडी. मूल पुस्तक हातात घेतलं की आधी पानं मोजतं आणि मगच नाव वाचतं. श्रीमान योगी, पानिपत, छावा ही पुस्तकं थोर आहेत पण सातवीच्या पोराला सुट्टीचा अभ्यास म्हणून ती दिली तर ते पुस्तक पंधरा जूनपर्यंत टीव्हीखाली पडून राहणार. ज्याला वाटेल त्याने आपणहून घ्यावं, तुमच्या त्या 'स्वामी'वाल्या मुलासारखं.

माझ्याकडे सगळ्यात जास्त फिरायची ती गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची, शिवकालावरची पुस्तकं. बया दार उघड, हर हर महादेव, दर्याभवानी, झुंजार माची, हे तो श्रींची इच्छा. पाचही आटोपशीर. गोनीदा स्वतः गड पायाखाली घातलेला माणूस, त्यामुळे कडा म्हणजे कसा कडा, कुठे पाऊल ठरेल, रानात पहाटे काय वास येतो हे सगळं त्यात आहे आणि माणसं बोलतात ती मावळी बोली बोलतात. आपल्याकडच्या खेड्यातल्या मुलाला ती भाषा आजीच्या तोंडची वाटते, शहरातली मुलं मात्र पहिल्या दहा पानांत अडखळतात, त्यांना थोडा धक्का द्यावा लागतो. दर्याभवानी समुद्रावरची आहे, कोकणातल्या मुलांना आधी ती द्या.

धक्का कसा द्यायचा ते सांगतो. शाळा सुटायच्या आधीच्या आठवड्यात रोज शेवटच्या तासाला पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः मोठ्याने वाचा. पहिलं प्रकरण पूर्ण करायचं नाही, ऐन रंगात आलं की पुस्तक मिटायचं. मी शनिवारी बालविभागात हेच करायचो, मग सोमवारी त्या एका प्रतीसाठी सहा मुलं रांगेत. आणि प्रती कमी असतील तर चार मुलांत एक पुस्तक, एकाच आळीतली चार मुलं बघून द्यायचं. ती एकमेकांच्या मागे लागतात आणि पुस्तक फिरतं राहतं.

हरिभाऊ आपट्यांचं पण द्या. उषःकाल मोठी आहे पण 'गड आला पण सिंह गेला' छोटी आहे. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, 'वाचकहो' करून लेखक मध्येच आपल्याशी बोलतो, मुलांना आधी गंमत वाटते मग सवय होते. हरिभाऊ १९१९ साली गेले त्यामुळे त्यांच्या लेखनावर आता कॉपीराइट नाही, दोन प्रकरणांच्या झेरॉक्स काढून वाटल्यात तरी चालतं.

सहावीला प्राचीन भारत आहे ना, त्यांना हरिभाऊंचीच चंद्रगुप्त बघा. चाणक्याची कारस्थानं मुलांना फार आवडतात.

दफ्तरदार

माझं मत जरा वेगळं आहे, आणि मी कादंबऱ्यांच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो, मी स्वतः इतिहासाकडे आलो तो कादंबरी वाचूनच. पण कादंबरी वाचलेलं मूल ती खरी धरतं. मोठी माणसंसुद्धा धरतात. आनंदीबाईने ध चा मा केला हे आपल्यापैकी कोण खरं धरत नाही? नारायणरावाचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला हे खरं, रामशास्त्र्यांनी राघोबाला, म्हणजे नारायणराव आणि माधवरावांच्या काकाला, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं म्हणतात, पण तो कागद कुठाय, कोणी पाहिला, हे आपण कधी विचारलेलंच नसतं, इतकं ते नाटकातून गोष्टीतून डोक्यात बसलंय. त्यामुळे मी म्हणेन की कादंबरी द्या पण एकटी देऊ नका, तिच्या सोबत त्याच प्रसंगाचा एक जुना कागद द्या, एक पान पुरे.

'गड आला पण सिंह गेला'चंच घ्या, कारण कोयनाकाठ यांनी नाव काढलंच आहे. त्या कादंबरीत कमलकुमारी नावाची एक राजपूत स्त्री आहे, मोगल किल्लेदार उदयभानूने तिला पळवून गडावर आणलेलं आणि तिच्यावरच अर्धं कथानक उभं आहे. मुलं वाचताना तिच्यासाठी जीव टाकतात. आता सभासदाची बखर काढा. कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या दरबारातलाच माणूस, राजारामाच्या काळात जिंजीला बसून त्याने ती लिहिली. त्यात सिंहगडाचा प्रसंग पानभराचाच आहे आणि त्यात कमलकुमारी नाही. घोरपडसुद्धा नाही. मावळे कड्यावरून वानरासारखे चढले म्हणतो तो. गड घेतल्यावर गडावरच्या पागेला आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला असं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे महाराजांच्या तोंडी जे वाक्य आहे ते 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला' असं आहे. सिंह नाही, गड!

हे मी माझ्या पुतणीला दाखवलं होतं, ती तेव्हा सातवीत होती. आधी तिचा चेहराच उतरला, म्हणाली म्हणजे सगळं खोटं का काका. मग मी तिला म्हटलं नीट वाच, कुठलं वाक्य जास्त जड आहे बघ. ती बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली की सिंह म्हटलं की तानाजी शूर होता एवढंच कळतं, पण गड म्हटलं की महाराजांना तो माणूस गडाएवढा वाटत होता हे कळतं. मी हे असं कधी पाहिलंच नव्हतं.

आणि सिंहगड हे नाव तानाजीमुळे पडलं असं आपण सगळे सांगतो, पण ४ फेब्रुवारी १६७० च्या आधीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव आलेलं आहे. हे मुलांना सांगून टाकायचं नाही, त्यांना दोन्ही तारखा द्यायच्या आणि काय वाटतं ते विचारायचं.

म्हणून सारांशाऐवजी वहीत दोन रकाने करायला सांगा. डावीकडे 'हे लेखकाने रचलं असावं', उजवीकडे 'हे घडलं असावं', आणि प्रत्येकासमोर 'मला असं का वाटतं' ते एका ओळीत. मलपृष्ठावरून हे उतरवता येत नाही. चुकलं तरी चालेल, एखाद्याने उदयभानूलाच काल्पनिक ठरवलं तर त्याने ते का ठरवलं यावर जूनमध्ये पूर्ण तास रंगेल.

जाईजुई

मी शिक्षिका नाही, सातवीतल्या मुलाची आई आहे. छावाबद्दल एक सांगायचं होतं. सिनेमा आल्यापासून आमच्या सोसायटीतली सगळी मुलं ते पुस्तक मागतायत, माझ्या मुलानेही हट्ट करून घ्यायला लावलं. वाचलं त्याने, दीडशे पानं झरझर वाचली मग कंटाळला, मग मुलांनी सांगितलं म्हणून शेवट उघडून बसला. त्या रात्री झोपला नाही. माझ्याकडे येऊन झोपला, बारा वर्षांचा मुलगा. औरंगजेबाने संभाजी महाराजांना ज्या हालांनी मारलं ते मोठ्यांनाही वाचवत नाही. मी पुस्तक काढून घेतलं नाही पण आम्ही ठरवलं की उरलेलं दोघांनी मिळून वाचायचं, रोज रात्री मी वाचते तो ऐकतो. मधला भाग, बुऱ्हाणपूर, रायगड, येसूबाई, तो आता त्याला आवडायला लागलाय. मग रविवारी आम्ही तिघं तुळापूरला जाऊन आलो. संगमावर पाणी अगदी शांत होतं, तो पायऱ्यांवर बसून राहिला, फोटोसुद्धा काढू दिला नाही.

त्यामुळे बाई, जी पुस्तकं देणार असाल त्यांचे शेवट तुम्ही आधी वाचा आणि पालकांना एका चिठ्ठीत कळवा की हा भाग मुलाबरोबर बसून वाचा. आम्हाला कुणी सांगितलं नाही म्हणून आम्ही बेसावध होतो.

सातासमुद्र

आम्ही न्यू जर्सीत असतो, मुलगी इथल्या सातवीत. मराठी छान बोलते पण जोडाक्षरं आली की वाचनाचा वेग एकदम पडतो, 'श्रीमंतांच्या' एवढ्या एका शब्दाला तिला थांबावं लागतं, मग गोष्टीतली मजाच जाते. आम्ही स्टोरीटेलवर मराठी कादंबऱ्या ऐकतो, गाडीत, लाँग ड्राइव्हला. नंतर ज्या प्रकरणात ती गुंतली ते छापील पुस्तकातून काढून तिला देते, गोष्ट माहीत असल्यामुळे मग ती वाचू शकते, उलट क्रमाने केलं तेव्हा कधीच जमलं नव्हतं. ज्या मुलांचं वाचन कच्चं आहे, अशी मुलं गावातल्या शाळेतही असणारच, त्यांच्यासाठी हे करून बघा.

शब्दांसाठी मी फ्रिजवर एक कागद लावलाय. सनद, दफ्तर, खलिता, मुजरा, फडणीस, शिलेदार, बारगीर. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारातून मिळतो आणि शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हे कळल्यावर तिने विचारलं की मग लढाईत घोडा मेला तर शिलेदाराचं काय. हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता.

दफ्तरदार

@सातासमुद्र बरोबर नेमका प्रश्न आहे तो. शिलेदाराचं घोडं हीच त्याची कमाई, ते गेलं की त्याची पत गेली. मराठे लढाईत हट्टाने एका जागी का उभे राहत नसत याचं एक कारण तिथेच आहे.

आणि बाईंनी विचारलेली नाजूक गोष्ट कुणी घेतली नाही म्हणून लिहितो. पानिपत वाचायला द्याल तेव्हा, आठवीच्याही मुलांना सगळी नको, निवडक प्रकरणं, त्यात इब्राहिमखान गारदी नक्की येऊ द्या. १४ जानेवारी १७६१ ला संक्रांतीच्या सुमाराला जी लढाई झाली तिच्यात सदाशिवरावभाऊंचा तोफखाना आणि गारदी म्हणजे कवायती पायदळाच्या पलटणी याच्या हाताखाली होत्या, समोर अब्दाली आणि नजीबखान, आणि हा शेवटपर्यंत भाऊंच्या बाजूने उभा राहिला, पकडला गेला आणि मारला गेला. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता. ही नावं भर घालायची म्हणून घालू नका, ती त्या गोष्टीत आहेतच, आपण वाचताना ती ओलांडून पुढे जातो इतकंच. आणि मुलांना नकाशा काढायला लावा, कोण कोणाकडून लढलं याचा, नावं लिहून. नुसत्या धर्मावरून त्या नकाशात रेघ मारायला गेलं की ती सरळ येतच नाही, हे मुलांना स्वतःलाच दिसेल.

वरसईकर

आठवीला १८५७ आहे, त्यांच्यासाठी कादंबरी सोडून दुसरंच सुचवतो. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. कादंबरी नाही, पण कुठल्याही कादंबरीपेक्षा रंगतं. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे दक्षिणा मिळेल म्हणून काकांबरोबर निघाला आणि नेमका बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीच्या आत होता. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने ते आठवून लिहिलं आणि चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलं.

त्यात काल्पीच्या बाजूचा एक प्रसंग आहे. पहाटेची वेळ, वाटेवर विहीर, गोडसे भटजी पाणी काढतायत आणि धुळीने भरलेली, पठाणी पोषाखातली एक स्त्री घोड्यावरून येते, तहानेने तोंड सुकलेलं. ती राणी लक्ष्मीबाई. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका, मी काढते, आणि स्वतः मातीच्या मडक्याने काढून ओंजळीने पिते. मग म्हणते मी अर्धा शेर तांदळाची धनीण, मला कशाला हवा होता हा उद्योग. पुतळ्यातली, तलवार उगारलेली राणी मुलांनी पाहिलेली असतेच, ही ओंजळीने पाणी पिणारी राणी त्यांना भेटू द्या.

सगळं देऊ नका, त्यात काही भाग मुलांचे नाहीत, झाशीची पन्नासेक पानं आणि हा विहिरीचा प्रसंग पुरे.

कोयनाकाठ

आणि बाई तुमच्या त्या मुलाच्या प्रश्नाबद्दल. थेऊरला माधवराव गेले ते नोव्हेंबर १७७२ मध्ये, सत्तावीस वर्षांचे. त्याच्या अठरा वर्षं आधी, १७५४ मध्ये, कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर गेला, त्याची बायको सती निघाली आणि सासऱ्याने, मल्हाररावांनी, तिला अडवलं. ती अहिल्याबाई. म्हणजे त्या काळीही कुणी अडवायचं मनात आणलं तर अडवता येत होतं. 'प्रथा होती' हे उत्तर खोटं नाही पण पुरं नाही, त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता हे त्याला सांगा. आणि त्यालाच म्हणावं की १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा झाला तो धडा आठवीत येईल तेव्हा वर्गाला या दोघींची गोष्ट तू सांग.

पाटीपेन्सिल

अहिल्याबाईंचं मला माहीत होतं, दरवर्षी शिकवते मी, पण रमाबाईच्या शेजारी ठेवून कधी पाहिलं नाही. आज दुपारी त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि तुझा प्रश्न बरोबर होता, मीच अर्धं उत्तर दिलं होतं असं सांगितलं. वर्ष झालं होतं तरी कुठला प्रश्न ते त्याला सांगावं लागलं नाही. मल्हाररावांचं ऐकल्यावर तो लगेच म्हणाला, "मग राघोबादादा काय करत होते बाई?" आता हे मलाच शोधायचंय, @दफ्तरदार तुमच्याकडे काही असेल तर कळवा.

ठरवलंय ते असं. सातवीला गोनीदा, चार मुलांत एक पुस्तक, आळीप्रमाणे वाटप. सिंहगडाचं एक प्रकरण आणि सभासदाचं पान, झेरॉक्स सगळ्यांना. वहीत दोन रकाने, सारांश बंद. पालकांना चिठ्ठी, जाईजुई तुमचे आभार, हे मला सुचलंच नसतं. आठवीत जाणाऱ्या त्या मुलाला गोडसे भटजींचा प्रवास, माझी स्वतःची प्रत देणार आहे. आणि पुढच्या बाकावरच्या मुलाला आज विचारलं तुला काय वाचायला आवडेल तर म्हणाला समुद्रावरचं काहीही, म्हणून दर्याभवानी त्याच्याकडे आणि दौलतखानाचा शोध पण त्याच्याकडेच.

हेडसरांकडून कपाटाची किल्ली मिळाली आहे. हर हर महादेवच्या तीन प्रती निघाल्या, दोन प्रतींची पानं सुटलीत, उद्या खळ आणि दाभण घेऊन बसणार आहे, चार मुली मदतीला थांबतो म्हणाल्यात. बया दार उघडची एकही नाही. कुणाकडे जादा प्रत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोस्टाचा खर्च मी देईन, २८ एप्रिलच्या आत हवी आहे.